वर्गाध्यापनातील सादरीकरण आणि डिजिटल प्रतिमासंग्रह : अजिंठ्याच्या चित्रकलेच्या संदर्भात

गोषवारा

महाविद्यालयीन अध्यापनात संगणकीय सादरीकरणाचा वापर आता सर्वत्र रूढ झाला आहे. मात्र सादरीकरणातील प्रतिमा कोठून घेतली, ती नेमकी कशाची आहे आणि कोणत्या काळी टिपली गेली, याचा विचार त्या प्रमाणात होताना दिसत नाही. प्रस्तुत लेखात डिजिटल प्रतिमासंग्रहाचे स्वरूप स्पष्ट करून, अजिंठ्याच्या चित्रकलेवरील एका तासिकेच्या आधारे प्रतिमांचा शोध, निवड, नोंदीची पडताळणी, मांडणी, तांत्रिक तयारी आणि स्वामित्वहक्क या टप्प्यांचे विवेचन केले आहे. प्रतिमासंग्रहाचे खरे मूल्य प्रतिमेइतकेच तिच्या सोबतच्या नोंदीत असते आणि ती नोंद पडद्यापर्यंत नेणे हे अध्यापकाचे काम आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सूचक शब्द : डिजिटल प्रतिमासंग्रह, वर्गाध्यापन, सादरीकरण, अजिंठा, प्रतिमेची नोंद, स्वामित्वहक्क.

१. प्रस्तावना

इतिहास, कला, भूगोल, वनस्पतिशास्त्र यांसारख्या विषयांत प्रतिमा हा पाठ्यवस्तूचाच भाग असतो. वाकाटककालीन चित्रकलेचे वर्णन शब्दांत करता येते. परंतु ती दाखविल्याशिवाय शिकविता येत नाही. अजिंठा महाराष्ट्रात असूनही वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने ती लेणी पाहिलेली असतात असे नाही. ज्यांनी शैक्षणिक सहलीत पाहिली, त्यांनीही बहुधा मंद प्रकाशात, गर्दीत आणि काही मिनिटेच पाहिलेली असतात. अशा विद्यार्थ्यांसाठी वर्गातील पडदा हाच अजिंठा ठरतो.

या वस्तुस्थितीमुळे अध्यापकाची जबाबदारी वाढते. आजचा विद्यार्थी पडद्यावरील मजकुराचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर घेतो. तेच त्याचे टिपण होते आणि तेच पुढे उत्तरपत्रिकेत उतरते. व्याख्यानात तोंडी झालेली चूक पुढील तासिकेत दुरुस्त करता येते. पडद्यावरील चुकीचा चित्रपरिचय मात्र विद्यार्थ्याच्या संग्रही राहतो, वर्गमित्रांकडे जातो आणि काही वर्षांनी तोच विद्यार्थी शिक्षक झाल्यावर त्याच्या वर्गातही पोहोचतो. म्हणून सादरीकरणासाठी प्रतिमा कोठून आणि कशी निवडावी हा प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. तो ज्ञानाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न होतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) डिजिटल प्रतिमासंग्रह ही संकल्पना व तिची पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) सर्वसाधारण प्रतिमाशोध आणि प्रतिमासंग्रह यांतील भेद दाखविणे.
३) एका प्रत्यक्ष तासिकेच्या आधारे सादरीकरण तयार करण्याची पद्धत मांडणे.
४) या पद्धतीच्या तांत्रिक व कायदेशीर बाजू तसेच मर्यादा नोंदविणे.

२. काचपट्टीपासून डिजिटल संग्रहापर्यंत

प्रतिमा पडद्यावर टाकून व्याख्यान देण्याची प्रथा संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचपट्ट्यांवरील चित्रे दीपयंत्राच्या साहाय्याने दाखविली जात. कलेतिहासकार हाइनरिख व्योल्फलिन यांनी दोन प्रतिमा शेजारीशेजारी प्रक्षेपित करून त्यांची तुलना करण्याची पद्धत रूढ केली. कलेच्या इतिहासाचे अध्यापन आजही मोठ्या प्रमाणावर याच पद्धतीने चालते. विसाव्या शतकात काचपट्टीची जागा ३५ मिलिमीटरच्या पारदर्शिकेने घेतली आणि अनेक विद्यापीठांच्या कला व पुरातत्त्व विभागांत पारदर्शिकांची स्वतंत्र कपाटे उभी राहिली. प्रत्येक पारदर्शिकेच्या चौकटीवर वास्तूचे नाव, स्थळ आणि क्रमांक लिहिलेला असे. प्रतिमा आणि नोंद एकाच चौकटीत असल्याने एकीशिवाय दुसरी हाती येत नसे.

या दृष्टीने २००४ हे वर्ष लक्षणीय आहे. त्या वर्षी कोडॅक कंपनीने पारदर्शिका-प्रक्षेपकांचे उत्पादन थांबविले. अमेरिकेतील अँड्र्यू डब्ल्यू. मेलन फाउंडेशनच्या पुढाकारातून उभा राहिलेला 'आर्टस्टोर' हा शैक्षणिक प्रतिमासंग्रह त्याच वर्षी संस्थांना सदस्यत्वाने उपलब्ध झाला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये 'विकिमीडिया कॉमन्स' हा सर्वांना मुक्त असलेला संग्रह सुरू झाला. आर्टस्टोरमध्ये हंटिंग्टन दांपत्याने टिपलेल्या आशियाई कलेच्या छायाचित्रांचा समावेश असल्याने भारतीय कलेच्या अध्यापकांनाही तो उपयुक्त ठरला. प्रतिमांचे गट करणे, दोन प्रतिमा शेजारी ठेवणे, एखादा तपशील मोठा करून पाहणे आणि निवडलेल्या प्रतिमा सादरीकरणात उतरविणे, अशा सोयी त्यात होत्या. पारदर्शिकांच्या कपाटात अध्यापक जे हाताने करीत असे, तेच येथे पडद्यावर करता येऊ लागले.

पुढील काळात मोठ्या संग्रहालयांनी आपले प्रतिमाभांडार मुक्त करण्यास प्रारंभ केला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींच्या ३,७५,००० हून अधिक प्रतिमा कोणत्याही अटीविना वापरण्यास खुल्या केल्या. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे २८ लाख प्रतिमांबाबत तसेच केले. भारतात केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाच्या पुढाकाराने संग्रहालयांचे राष्ट्रीय संकेतस्थळ उभे राहिले. त्यासाठीची 'जतन' ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केली आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेच्या गुरुग्राम येथील कला व पुरातत्त्व केंद्राचा छायाचित्रसंग्रह भारतीय मंदिरवास्तू आणि शिल्प यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे.

३. प्रतिमासंग्रह म्हणजे काय?

सर्वसाधारण शोधयंत्रात 'अजिंठा' हा शब्द टाकल्यास क्षणार्धात हजारो प्रतिमा समोर येतात. त्यांत पर्यटकांची छायाचित्रे, दिनदर्शिकांवरील चित्रे, पुस्तकांतील पृष्ठे, विसाव्या शतकातील प्रतिकृती आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली, अस्तित्वातच नसलेली 'अजिंठा शैलीतील' चित्रेही असतात. ती सर्व एकाच आकाराच्या चौकोनात, एकाच पातळीवर दिसतात. त्यांत भेद करण्याचे साधन तेथे नसते.

प्रतिमासंग्रहात प्रत्येक प्रतिमेसोबत एक नोंद असते. चांगल्या नोंदीत पुढील घटक आढळतात : कलाकृतीचे नाव, कर्ता, काळ, स्थळ, माध्यम, आकारमान, सध्या ती कोठे आहे, छायाचित्र कोणी व केव्हा घेतले, नोंदक्रमांक आणि वापराच्या अटी. येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कलाकृतीचा काळ आणि छायाचित्राचा काळ या दोन स्वतंत्र बाबी आहेत. पाचव्या शतकातील चित्राचे छायाचित्र १९३० मधील असू शकते किंवा २०१५ मधील. त्या दोहोंत दिसणारे चित्र सारखे असेलच असे नाही.

थोडक्यात, शोधयंत्र प्रतिमा देते, तर प्रतिमासंग्रह प्रतिमेची ओळख देतो. सादरीकरण तयार करताना ही ओळख मागे राहून केवळ चित्र उचलले गेले, तर संग्रह वापरूनही त्याचा लाभ झाला असे म्हणता येणार नाही.

४. एका तासिकेची पूर्वतयारी : अजिंठ्याची चित्रकला

पदवी स्तरावरील इतिहासाच्या वर्गात अजिंठ्याच्या चित्रकलेसाठी बहुधा ४८ मिनिटांची एखादी तासिका मिळते. तेवढ्या वेळात तीस लेण्यांचा परिचय करून देण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. म्हणून तयारीचा आरंभ चित्रांच्या शोधापासून न करता प्रश्नापासून करावा. उदाहरणार्थ, 'अजिंठ्याची चित्रे कोणी, केव्हा आणि कशी काढली, आणि हे आज कशावरून कळते?' हा प्रश्न घेतल्यास कोणत्या प्रतिमा हव्यात हे आपोआप ठरते.

४.१ शोध

बहुतेक मोठे संग्रह इंग्रजीत नोंदविलेले असल्याने शोधशब्दांचा विचार आधी करावा लागतो. वेरूळची लेणी 'एलोरा' या नावाखाली, तर घारापुरीची 'एलिफंटा' या नावाखाली सापडतात. अजिंठ्याच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नोंदींत आजच्या स्पेलिंगमधील मधल्या 'ए'च्या जागी 'यू' आढळतो. एकाच स्पेलिंगने शोध घेतल्यास जुन्या छायाचित्रांचा मोठा भाग हाती येत नाही. त्याखेरीज लेणे क्रमांक, छायाचित्रकाराचे नाव आणि माध्यम यांच्या आधारे केलेला शोध अधिक फलदायी ठरतो.

शोधात आणखी एक अडचण येते आणि ती केवळ भाषेची नाही. पाश्चात्त्य वर्गीकरणात अजिंठ्याच्या उत्तरकालीन चित्रांना 'गुप्तकाल' या सदराखाली ठेवण्याची जुनी प्रथा आहे. वास्तविक लेणे क्रमांक १६ मधील शिलालेख वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याचा आहे आणि हरिषेण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आजच्या वाशीम येथील घराण्याचा राजा होता. वाकाटकांच्या शिलालेखांचे वा. वि. मिराशी यांनी केलेले संपादन यासाठी आधारभूत मानले जाते. संग्रहातील 'गुप्त' हा शब्द तसाच पडद्यावर आला, तर विदर्भातील विद्यार्थ्याला आपल्या परिसराचा या चित्रांशी असलेला संबंध कळतच नाही. शोध घेताना 'गुप्त' हा शब्द वापरावा. परंतु चित्रपरिचय लिहिताना 'वाकाटक' हाच शब्द योजावा.

४.२ मूळ, प्रत आणि छायाचित्र

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने लेणी पाहिली. लेणे क्रमांक १० मधील स्तंभावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे. त्यानंतर चित्रांच्या नकला करण्याचे तीन मोठे प्रयत्न झाले. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्यात राहून मोठ्या आकाराच्या नकला केल्या. लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शित केलेल्या त्यांच्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी यांच्यासह आपल्या विद्यार्थ्यांकडून नव्याने नकला करविल्या. त्यांपैकीही अनेक लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथे १८८५ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. वाचलेल्या नकला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी चित्रकारांनी नकला केल्या व त्या १९१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

हा तपशील सादरीकरणाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या डिजिटल संग्रहातील ग्रिफिथ्सकालीन नकलेची प्रतिमा स्वच्छ, उजळ व सुस्पष्ट असते. त्यामुळे अध्यापकाला ती स्वाभाविकपणे आकर्षित करते. परंतु तिच्या नोंदीतील माध्यमाच्या रकान्यात कॅनव्हासवरील तैलरंग असा उल्लेख असतो. याउलट अजिंठ्यातील मूळ चित्रे मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ लेप देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालविलेल्या रंगांनी काढलेली आहेत. त्या गिलाव्यात भुसा व वनस्पतींचे तंतू मिसळलेले असत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग सहज मिळणारे होते. निळ्यासाठी वापरलेला लाजवर्द मात्र दूरच्या अफगाण प्रदेशातून येत असे. नोंदीतील एका रकान्याकडे दुर्लक्ष झाल्यास विद्यार्थी एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या चित्रकाराचा तैलरंग पाहतो आणि पाचव्या शतकातील तंत्राचे वर्णन लिहितो. याच कारणास्तव ओल्या चुन्यावर रंगविण्याच्या युरोपीय पद्धतीचा वाचक असलेला 'फ्रेस्को' हा शब्द अजिंठ्यासाठी टाळून 'भित्तिचित्र' असे म्हणणे योग्य ठरते.

याचा अर्थ नकला वापरू नयेत असा नाही. मूळ भिंतीवरून आज नाहीसा झालेला भाग काही वेळा नकलेतच उरलेला असतो. लेणे क्रमांक १ च्या छताचे अलीकडील छायाचित्र आणि त्याच छताची ग्रिफिथ्सकालीन नक्कल शेजारीशेजारी ठेवल्यास ऱ्हास किती झाला, नकलकाराने काय स्पष्ट केले आणि काय पदरचे घातले, या तिन्ही गोष्टी विद्यार्थी स्वतः शोधू शकतात. दोन्ही प्रतिमांखाली माध्यम आणि काळ लिहिलेला असणे ही मात्र पूर्वअट आहे.

छायाचित्रांनाही हाच नियम लागू होतो. निजामाच्या राजवटीत १९२० नंतरच्या काही वर्षांत इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांचे संधारण करण्यात आले. त्या वेळी दिलेला लाखेच्या रोगणाचा थर कालांतराने पिवळा पडला आणि मूळ रंग झाकोळले. नंतरच्या दशकांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने असे थर काढण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे एकाच चित्राच्या निरनिराळ्या दशकांतील छायाचित्रांत रंगांचा फरक दिसतो. 'अजिंठ्याचे चित्रकार पिवळसर तपकिरी रंगछटा पसंत करीत' असा निष्कर्ष एखाद्या जुन्या छायाचित्रावरून काढला गेला, तर तो चित्रकारांविषयी नसून रोगणाविषयी असेल.

४.३ नावांची पडताळणी

संग्रहातील नोंदही अंतिम सत्य नसते. नोंदी अनेकदा जुन्या ग्रंथांतील शीर्षकांवरून केलेल्या असतात. लेणे क्रमांक १ मधील एका दरबारदृश्यात परदेशी वेशातील टोपीधारी व्यक्ती राजाला भेटी देताना दिसतात. जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये हे दृश्य चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारात इराणचा राजा दुसरा खुस्रो याचा वकील आल्याचे आहे, असे मत मांडले. त्यावरून 'इराणी वकिलात' हे नाव रूढ झाले आणि आजही पुस्तकांत व संग्रहांत आढळते. पुलकेशीचा काळ सातव्या शतकाचा पूर्वार्ध आहे. वॉल्टर स्पिंक यांच्या कालगणनेनुसार मात्र हे लेणे हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरते. ही कालगणना तपशीलात सर्वच अभ्यासकांनी स्वीकारलेली नसली, तरी पुलकेशीशी लावलेला संबंध आता सामान्यतः ग्राह्य धरला जात नाही. डीटर श्लिंग्लॉफ यांनी या दृश्याचा संबंध महासुदर्शन राजाच्या बौद्ध कथेशी जोडला आहे.

लेणे क्रमांक १६ मधील 'मरणोन्मुख राजकन्या' या प्रसिद्ध चित्राचेही तसेच आहे. हे नाव एकोणिसाव्या शतकातील पाहणाऱ्यांना चित्र जसे भासले त्यावरून पडले. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या कथेच्या संदर्भात पाहिले असता ती नंदाची पत्नी सुंदरी असून पतीने संन्यास घेतल्याचे कळल्याने ती व्याकूळ झाली आहे, असे अभ्यासक मानतात. नाव बदलताच चित्राचा अर्थ बदलतो : तेथे मृत्यूचे नव्हे, तर विरहाचे चित्रण आहे.

अशा ठिकाणी अध्यापकाने रूढ नाव वगळू नये. कारण विद्यार्थ्याला ते अन्यत्र भेटणारच असते. 'रूढ नाव', 'ते कोणी व केव्हा दिले' आणि 'आजचे मत' अशा तीन ओळींत चित्रपरिचय द्यावा. त्यातून चित्राबरोबरच इतिहासलेखनाचाही परिचय घडतो.

४.४ निवड आणि क्रम

वरील विवेचनाच्या आधारे ४८ मिनिटांच्या तासिकेसाठी आठ प्रतिमा पुरेशा ठरतात :

१) वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील लेण्यांचे दूरदृश्य.
२) लेणे क्रमांक १० मधील प्राचीन चित्रांचा भाग (सातवाहनकालीन टप्पा).
३) लेणे क्रमांक १६ मधील वराहदेवाचा शिलालेख.
४) गिलावा उघडा पडलेल्या भिंतीचा निकटदर्शी तपशील.
५) लेणे क्रमांक १ मधील पद्मपाणी.
६) छताचे छायाचित्र व त्याची नक्कल (जोडप्रतिमा).
७) दरबाराचे दृश्य.
८) सुंदरीचे चित्र.

प्रत्येक प्रतिमेला सरासरी पाच मिनिटे मिळतात व प्रश्नोत्तरांसाठी वेळ उरतो. चाळीस प्रतिमा घेतल्यास प्रत्येकीला एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ मिळेल आणि विद्यार्थी केवळ प्रेक्षक राहील. प्रतिमा प्रथम नावाविना दाखवावी, विद्यार्थ्यांना दोन मिनिटे निरीक्षण करून दिसते ते मराठीत सांगू द्यावे आणि त्यानंतरच चित्रपरिचय पडद्यावर आणावा. नाव आधी कळले की डोळे नाव शोधतात, चित्र पाहत नाहीत.

पडद्यावरील मजकुराबाबत रिचर्ड मेयर यांचे बहुमाध्यम अध्ययनावरील संशोधन मार्गदर्शक आहे. त्यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अनावश्यक मजकूर व सजावट वगळल्यास आणि शब्द संबंधित प्रतिमेच्या निकट ठेवल्यास अध्ययन सुधारते, असे तत्त्व मांडले आहे. चित्राभोवती नक्षीदार चौकट, हलणारी अक्षरे आणि अध्यापक जे बोलणार तेच परिच्छेदरूपाने लिहिणे, या तीन गोष्टी टाळल्या तरी सादरीकरणाचा दर्जा बराच उंचावतो.

५. तांत्रिक तयारी

अ) प्रतिमेचा आकार : प्रचलित प्रक्षेपकाचा पडदा बहुधा १९२० × १०८० पिक्सेलचा असतो. संपूर्ण चित्र दाखवायचे असेल तर १९२० पिक्सेल रुंदीची प्रतिमा पुरते. परंतु तिचाच एक-चतुर्थांश रुंदीचा भाग पडद्याभर मोठा केल्यास केवळ ४८० पिक्सेल उरतात आणि चित्र धूसर होते. म्हणून पद्मपाणीच्या मुकुटासारखा तपशील दाखवायचा असल्यास त्या भागाची स्वतंत्र, मोठ्या आकाराची प्रतिमा घ्यावी. अनेक संग्रहालये आता 'आय.आय.आय.एफ.' या समान पद्धतीने प्रतिमा देतात. त्यामुळे मोठ्या प्रतिमेतील हवा तेवढाच भाग हव्या त्या आकारात मागविता येतो.

आ) धारिका : सादरीकरणाची प्रणाली जतन करताना प्रतिमांचा दर्जा आपोआप कमी करू शकते. ती सोय बंद करून मूळ प्रतिमा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. धारिकेच्या नावातच स्थळ, लेणे क्रमांक, विषय व स्रोत लिहावा. केवळ 'चित्र १', 'चित्र २' अशी नावे दिल्यास वर्षभराने स्वतः अध्यापकालाही ओळख पटत नाही.

इ) मराठी अक्षरे : जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत लिहिलेला मजकूर वर्गातील संगणकावर तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांत बदलतो. चित्रपरिचय युनिकोडमध्येच लिहावा आणि सादरीकरणाची एक पीडीएफ प्रतही सोबत ठेवावी.

ई) प्रकाश व रंग : वर्गातील खिडक्यांचा उजेड आणि प्रक्षेपकाच्या दिव्याचे आयुष्य यांमुळे रंग फिके दिसतात. रंगांवर विवेचन करावयाचे असेल तर तासिकेपूर्वी त्याच वर्गात प्रतिमा पाहून घ्यावी.

उ) संपर्करहित वापर : तासिकेच्या वेळी इंटरनेट उपलब्ध असेलच असे गृहीत धरू नये. सर्व प्रतिमा आधीच डाउनलोड करून ठेवाव्यात.

६. स्वामित्वहक्काचा विचार

अजिंठ्याच्या मूळ चित्रांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. परंतु त्यांच्या छायाचित्रावर छायाचित्रकाराचा हक्क असू शकतो. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रासाठीही छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असा संरक्षणकाल लागू आहे. तथापि स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ (१) (आय) नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली प्रतिकृती हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठ परिसरातील छायाप्रतींच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला.

ही सवलत अध्यापनापुरती आहे, हे विसरता येत नाही. तेच सादरीकरण सर्वांसाठी खुल्या चित्रफितीत, विक्रीच्या पुस्तकात किंवा मार्गदर्शिकेत वापरायचे झाल्यास प्रत्येक प्रतिमेचा परवाना तपासावा लागतो. 'सीसी शून्य' या चिन्हाची प्रतिमा कोणत्याही अटीविना वापरता येते. 'सीसी बीवाय' प्रकारात श्रेयनिर्देश आवश्यक असतो. त्यापुढे 'एनसी' अक्षरे असल्यास व्यापारी वापर वर्ज्य असतो. कायद्याने आवश्यक नसेल तेथेही श्रेयनिर्देश करणे हा विद्यार्थ्यांसाठी एक पाठच असतो. प्रबंधात संदर्भ देण्याचा आग्रह धरणाऱ्या अध्यापकाच्या सादरीकरणात एकाही चित्राचा स्रोत नसणे, हे विसंगत दिसते.

७. मर्यादा

प्रतिमासंग्रहांवर पूर्णतः विसंबण्यात काही धोके आहेत. पहिला धोका अस्थिरतेचा आहे. आर्टस्टोर ही संस्था २०१६ मध्ये 'इथाका' या संस्थेशी जोडली गेली आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी तिचे स्वतंत्र संकेतस्थळ बंद होऊन प्रतिमा 'जेस्टोर'वर गेल्या. वीस वर्षांत अध्यापकांनी ज्या पत्त्यांवरून प्रतिमा नोंदविल्या होत्या, ते पत्ते बदलले. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या सायबर हल्ल्यानंतर तेथील अनेक ऑनलाइन सेवा दीर्घकाळ उपलब्ध नव्हत्या. भारतातील स्थळांच्या जुन्या छायाचित्रांचा मोठा ठेवा त्याच ग्रंथालयात आहे. म्हणून केवळ दुवा जपून ठेवणे पुरेसे नाही. प्रतिमा, तिची संपूर्ण नोंद आणि नोंदक्रमांक आपल्याकडे उतरवून ठेवावेत. संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, संग्रहालयाचा नोंदक्रमांक सहसा बदलत नाही.

दुसरी मर्यादा आर्थिक आहे. सदस्यत्वाचे संग्रह प्रत्येक महाविद्यालयाला परवडत नाहीत. मुक्त संग्रहांमुळे ही उणीव बरीच भरून निघते. मात्र विकिमीडिया कॉमन्ससारख्या संग्रहांतील नोंदी स्वयंसेवकांनी केलेल्या असल्याने त्यांची पडताळणी अधिक काळजीपूर्वक करावी लागते. आपल्या संस्थेला कोणते संग्रह उपलब्ध आहेत याविषयी ग्रंथपालाशी विचारविनिमय करणे हिताचे ठरते.

तिसरी मर्यादा स्थानिकतेची आहे. जगप्रसिद्ध स्थळांच्या प्रतिमा विपुल आहेत. तालुक्यातील हेमाडपंती मंदिर, गावातील वीरगळ किंवा बारव यांच्या विश्वसनीय नोंदींसह प्रतिमा क्वचितच मिळतात. ही उणीव महाविद्यालयेच भरून काढू शकतात. विद्यार्थ्यांनी परिसरातील वास्तूंची छायाचित्रे घेऊन त्यांसोबत स्थळ, दिनांक, मोजमाप आणि छायाचित्रकाराचे नाव अशी नोंद केल्यास विभागाचा स्वतःचा प्रतिमासंग्रह उभा राहतो. नोंद कशी करावी हे ज्याला कळले, त्याला दुसऱ्याची नोंद कशी वाचावी हेही कळते.

८. निष्कर्ष

१) वर्गातील प्रतिमा हा पुरावा आहे, पुराव्याचे मूल्य त्याच्या नोंदीवर अवलंबून असते.
२) डिजिटल प्रतिमासंग्रह शोधयंत्राहून श्रेष्ठ ठरतो तो प्रतिमांच्या संख्येमुळे नव्हे, तर माध्यम, काळ, कर्ता व स्रोत यांच्या नोंदीमुळे.
३) मूळ कलाकृती, तिची नक्कल आणि तिचे छायाचित्र हे तीन भिन्न स्तर विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडले पाहिजेत.
४) संग्रहातील नोंदीही ऐतिहासिक असतात, रूढ नावे व वर्गीकरणे यांची आजच्या संशोधनाच्या आधारे तपासणी करणे आवश्यक आहे.
५) थोड्या प्रतिमा, पुरेसा वेळ, मराठीतील नेमका चित्रपरिचय आणि श्रेयनिर्देश ही चांगल्या सादरीकरणाची लक्षणे आहेत.
६) प्रतिमा व नोंदी स्थानिक पातळीवर जतन करणे आणि परिसरातील वारशाचा संग्रह उभारणे, हे महाविद्यालयीन विभागांचे नियमित कार्य व्हावे.

पूर्वी पारदर्शिकेच्या चौकटीवर शाईने लिहिलेली ओळ प्रतिमेपासून वेगळी करता येत नव्हती. डिजिटल तंत्राने ती दोन क्षणांत वेगळी करता येते. ती पुन्हा जोडून विद्यार्थ्यापुढे ठेवणे अध्यापकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी प्रत्येक प्रतिमेमागे पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ सहसा लागत नाही.